मिरची न लागणारा हात

मावशी, तू माझ्याकडून शब्द मागितलास तेव्हा मी गप्प बसले होते. गप्प बसलेल्या माणसानं होकार दिला असं धरून चालायची तुझी जुनी सवय. तू मनगटानं माझा हात दाबलास, कारण बोटांत दाबायची ताकद उरली नव्हती, आणि म्हणालीस, "लतीले सांगू नको." मग डोळे मिटून घेतलेस. त्यानंतर तू बोललीस ती फक्त पाणी मागायला. तेव्हा आधीच सांगून ठेवते, मी शब्द दिलेला नव्हता. तू घेतलास, तो तुझा प्रश्न.

असं ठणकावून बोलले की तू हसायचीस. "नंदा सरकारी नोकरीले लागनी आनि सरकारनामायकच बोलाले लागनी," म्हणायचीस. आता हसणारं कोणी नाही, तर माझं बोलणं माझ्याच कानांना कडू लागतं.

तुझे दिवस झाले, गंधमुक्ती झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि तू मात्र माझ्या प्रयोगशाळेत येऊन बसली आहेस. दाराबाहेरच्या बाकावर नाही. तिथं तू जिवंत असताना बसायचीस, माझा विसरलेला डबा मांडीवर घेऊन, आणि नंबर लावून बसलेल्या पेशंटांना त्यांची दुखणी विचारायचीस. आता तू टेबलाच्या पलीकडे बसतेस. कोणी बाई रक्त द्यायला हात पुढे करते आणि मला तुझा हात दिसतो. करंगळी थोडी आत वळलेली, तळवा गुळगुळीत, बोटांवर जुन्या भाजल्याचे पांढरे डाग. मी सुई हातात धरून थांबते. बाई विचारते, "काय व्हयनं ताई?" मी म्हणते काही नाही, आणि शीर शोधते.

तो हात सगळ्या नंदुरबारच्या मिरची पथारीवर नावाजलेला होता. लाल मिरच्यांनी झाकलेल्या त्या मैदानात बायका ओळीनं बसून देठ खुडायच्या, नाकातोंडाला फडकं, हातांना तेल. सुट्टी झाली की कोणी ताकात हात बुडवायची, कोणी ओल्या मातीत, आणि तरी घरी जाऊन पोराला जवळ घ्यायची चोरी. तू तेल लावणं कधी सोडलंस ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. सगळ्यात तिखट ढीग मुकादम तुझ्यापुढे टाकायचा आणि तू गप्पा मारत मारत तो संपवायचीस. "सरूबाई, तुन्हा हातमा देवी शे व माय," असं त्या बायका म्हणायच्या. नवी सून पहिल्यांदा पथारीवर आली की तिला तुझ्या हाताला हात लावायला लावायच्या, म्हणजे तिलाही मिरची लागणार नाही. तू हात पुढे करायचीस, एखाद्या मानकऱ्यासारखा. मला आठवतं, तुला त्याचा फार अभिमान होता. मलाही होता.

मी कळसाडीहून तुझ्याकडे शाळेला आले तेव्हा तुझा हात असा नव्हता. तेव्हा तू संध्याकाळी तुळशीजवळ बसून हात फुंकायचीस आणि मुकादमाला शिव्या घालायचीस. शिव्या कधी थांबल्या, ते मी आता आठवून पाहते. तुझी लेक लती तेव्हा दुसरी-तिसरीत असेल. तू तिची वेणी घालायला बसायचीस आणि ती डोकं धरून किंचाळायची, "माय, आग व्हस, आग व्हस!" तू गोंधळून स्वतःच्या बोटांकडे बघायचीस. हात धुतलेत की, म्हणायचीस, थंडगार शेतस मन्हा हात. पोरीच्या टाळूला जी मिरची कळत होती ती तुझ्या बोटांना कळत नव्हती. आम्ही लतीला नाटकी म्हणायचो. पुढे तिची वेणी मी घालू लागले.

मावशी, आपलं भांडण तुला आठवत असेलच. मी लॅबचा कोर्स करून आले आणि माझ्या डोक्यात एकच शिरलं, आधी काच, मग औषध. अंगावर डाग उठला, चट्टा आला, पू झाला, की खरवडून काचेवर घ्या, पू असेल तर वाढवून बघा कोणता जंतू आहे, आणि मग काय लावायचं ते लावा. गल्लीतल्या प्रत्येकाला मी ते ऐकवायचे. लोक मेडिकलमधून ट्यूब आणायचे, लावायचे, चार दिवस बरं वाटायचं, मग चट्टा मांडीवरून पाठीवर. त्यांना मी हाताला धरून लॅबमध्ये न्यायचे. तू हसून सगळ्यांना सांगायचीस, "जपीसन ऱ्हावा, हाई पोर बोकडले बी काचवर घाली दी."

तुझ्या दंडावर आणि पाठीवर फिके चट्टे होते. तू त्यांना गजकरण म्हणायचीस आणि तीच ट्यूब लावायचीस.

"खाज येस का?" मी विचारलं होतं.

"नही."

"मावशी, गजकरणले खाज येस."

"मंग हाई गुनी गजकरण शे. कायबी तरास देत नही."

मी एकदा सुट्टीच्या दिवशी पातं आणि काच घरी घेऊन आले, तुला अंगणात पकडलं. तू पदर दंडावर ओढून घेतलास आणि म्हणालीस, "ज्याले दुखस त्यानी तपासनी करो. माले दुखतच नही, मंग तू काय तपासी ऱ्हायनी? मी जित्ती शे का मरेल, ते?" शेजारणी हसल्या. मीही हसले आणि मग चिडले. तू म्हणालीस, लतीचं लग्न होऊ दे. लग्न झालं, ती ब्राह्मणपुरीला नांदायला गेली. मग म्हणालीस, तिचं बाळंतपण होऊ दे. मग म्हणालीस, अखाजी होऊ दे. तुझ्या प्रत्येक तारखेत लती होती, हे मला तेव्हा दिसलं नाही. मला वाटलं तू पातं बघून घाबरतेस.

अखाजीच्या सणाला, अक्षय्य तृतीयेला, लती माहेरी आली. तू तिच्यासाठी मांडे करायला घेतलेस. चुलीवर पालथं घातलेलं खापर लाल होईपर्यंत तापलेलं, आणि तू हातांवर पुरणाची पोळी मोठी मोठी करत नेत होतीस, कोपरापर्यंत. असे मांडे आता कोणाला येतात? पोळी खापरावर टाकलीस, कड सरळ करायला हात टेकवलास आणि लतीला झोक्याबद्दल काहीतरी विचारत राहिलीस. तिनं उत्तर दिलं. तू पुन्हा काही विचारलंस. वास आधी मला आला. मी ओरडले, "मावशी, हात!" तू माझ्याकडे बघितलंस, मग हाताकडे, आणि हात उचललास तो चटका बसल्यासारखा नाही, चूल सारवून झाल्यावर उचलतात तसा, सावकाश. तुझ्या चेहऱ्यावर दुखल्याचं काही नव्हतं. भीती होती. ती मी बघितली, मावशी. तू लगेच पदरानं हात झाकलास आणि म्हणालीस, मांडा करपना.

तो चेहरा मला सोडत नाही. बाकी सगळं मी समजून घेईन.

तू हळद लावलीस, पुन्हा तीच ट्यूब लावलीस, चिंधी बांधलीस. लती सासरी परत जाईपर्यंत तू त्याच हातानं वाढलंस. ती गेल्यावर तुला थंडी वाजून ताप भरला आणि दंडापर्यंत सूज चढली, तेव्हा कुठं मला निरोप पाठवलास. दवाखान्यात पहिल्याच दिवशी पू तपासायला गेला. कोणता जंतू आणि कोणत्या औषधाला दाद देईल, ते कळलं, ते औषधही सुरू झालं. पण विष रक्तात उतरलं होतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी तुझ्या दंडावरच्या चट्ट्यावर कापूस फिरवला, कोपराशी बोटांनी जाड झालेली नस चाचपली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "यांच्या कानाच्या पाळीचं स्मिअर काढून घ्या."

पाळीला बारीक छेद द्यायचा आणि आतलं काचेवर घ्यायचं, ते मी काढलं नाही. लॅबमधल्या माझ्या जोडीदारणीला काढायला सांगितलं. तिनं काच रंगवली, मायक्रोस्कोपखाली ठेवली, खूप वेळ बघितलं आणि उठून मला खुर्ची दिली. निळ्या पडद्यावर लाल काड्या, जुड्याच्या जुड्या. इतकी वर्षं मी तुझी कातडी काचेखाली मागत होते, ती शेवटी आली. मला डोळा बाजूला करता येईना. आता कोणतीही काच लावली की आधी एक क्षण मला त्याच लाल काड्या दिसतात, मग खरं काय आहे ते दिसतं. रिपोर्ट लिहिण्याआधी मी जोडीदारणीला बोलावते, बघ गं एकदा म्हणते. ती येऊन बघते.

डॉक्टरीणबाईंनी तुला कुष्ठरोग म्हणून सांगितलं, गोळ्यांनी बरा होतो हेही सांगितलं. तुला तो शब्द नवा होता. तू माझ्याकडे बघून विचारलंस, "महारोग?" मी मान हलवली. तू वर पंख्याकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, "माले वाटेच."

माले वाटेच! म्हणजे पथारीवर तुझ्या हातात देवी आहे म्हणून बायका पाया पडत होत्या तेव्हाही वाटे? नव्या सुनांच्या हातात हात देताना वाटे? मी विचारलं नाही. तूच सांगितलंस, तुकड्यातुकड्यांनी. तुझ्या लहानपणी तुमच्या गावात एक काकू होती, तिला मळ्यातल्या झोपडीत ठेवलं होतं, आणि तिची भाकर दगडावर ठेवून यायचं काम तुझं होतं. तिच्या मुलीला कोणी सोयरीक दिली नाही. ती काकू दुरून तुला विचारायची, पोरी, माझ्या लेकीला कोणी बघायला आलं का? आणि तू पळत यायचीस. हे सांगून झाल्यावर तू मनगटानं माझा हात दाबलास. "लतीले सांगू नको. तिन्हा सासरना लोके तिले ठेवाऊत नही."

मला तुझा राग येतो, मावशी. रडू येण्याआधी राग येतो. तुझ्या घरापासून माझ्या टेबलापर्यंत चालत यायला कितीसा वेळ लागत होता? डबा घेऊन कितीदा येत होतीस. एक चिमूटभर कातडी. वेळेवर दिली असतीस तर काही महिने गोळ्या घेतल्या असत्यास, फुकट मिळतात त्या, आणि आज मांडे केले असतेस आणि चटका बसला म्हणून मला शिव्या दिल्या असत्यास. आणि राग ओसरला की दिसतं, तू जे लपवलंस ते एकटीनं सोसलंस. मला शिकवलंस, लतीला उजवलंस, आणि मिरचीचे ढीग संपवलेस त्या हातानं. एवढं सगळं घेऊन मी तुला रागवायचं तरी कोणत्या तोंडानं?

तुझ्या घरात मी वाढले म्हणून मी माझी तपासणी करून घेतली. काही निघालं नाही. राहिली लती. तिला तपासणीला ये म्हणायचं तर का ते सांगावं लागणार, आणि तू तर जाताना दारात पाय पसरून बसलेली.

गंधमुक्तीच्या दुसऱ्या दिवशी लती मागच्या दारी भांडी घासत होती. बाही वर सरकली. दंडाच्या मागच्या बाजूला फिका चट्टा.

"हाई काय शे व?" मी विचारलं.

"गजकरण. मेडिकलमाईन ट्यूब आनेल शे, लावी ऱ्हायनू."

"खाज येस का?"

"नही व. कायबी तरास नही."

मावशी, तुझा आवाज होता तो. तिचा नव्हता.

मी घाबरले आणि पळवाट शोधली. म्हटलं, गजकरणाची तर साधी तपासणी, रोजची, त्याला तुझ्या रोगाचं नाव सांगायची गरज नाही. तिला दुपारी प्रयोगशाळेत नेलं, चट्टा खरवडला, औषधाचा थेंब टाकून काच लावली. बुरशीचे धागे दिसावेत, म्हणजे ते गजकरणच ठरेल, म्हणून मी देवाला हात जोडले. लोक बुरशी निघू नये म्हणून जोडतात. ही काच कानाकोपऱ्यापर्यंत बघितली, पुन्हा पहिल्यापासून बघितली. धागा नव्हता. लती विचारत होती, चांगलं आहे ना, काही निघालं नाही ना? मी म्हटलं, घरी चल.

तुझ्या अंगणात, तुझ्या बाजेवर तिला बसवलं. डोळे मिट म्हटलं. कापूस लागला की सांग. तळहाताला लावला, ती म्हणाली लागला. मानेला लावला, ती हसली, गुदगुल्या होतात म्हणाली. मग चट्ट्यावर टेकवला. ती डोळे मिटून बसली होती, चेहरा वर करून, लहानपणी वेणीला बसायची तशी. मी कापूस फिरवला. पुन्हा फिरवला.

"लाव ना व," ती म्हणाली. "कव्हयनी वाट दखी ऱ्हायनू मी."

मग मी सांगितलं, मावशी. कापूस हातात तसाच धरून सगळं सांगितलं. तुझा हात, खापर, लाल काड्या, मळ्यातली ती काकू. हेही सांगितलं की तिचं आत्ताच सापडलंय, बोटं सरळ आहेत, गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागण व्हायचाही धोका उरत नाही, आणि पूर्ण बरं होतं. हे तिला कळेपर्यंत मी दोनदा सांगितलं. ती ऐकत होती की नाही, कळत नव्हतं. तिनं एकच विचारलं.

"मायले माहित व्हतं?"

नाही म्हणाले असते तर तू तिच्याजवळ चांगली राहिली असतीस. मी होय म्हटलं.

लतीनं दंड वळवून चट्ट्याकडे बघितलं. मग तिनं दुसऱ्या हातानं चट्ट्यावर जोरात चिमटा घेतला. नखं रुतली, पांढरी खूण उमटली. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मन्हं लगीन व्हवाले पाहिजे म्हनीसन ती चूप ऱ्हायनी?" ती रडली नाही. तुझ्यावर चिडली. "माले एक सबद सांगाना व्हता. मी काय तिले मळामा ठेवतू का?" आणि मग रडली. तिच्या नवऱ्याला तिनं स्वतःच फोन लावला, माझ्यासमोर, आवाज न चढवता. तो काय म्हणाला मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून म्हणाली, उद्या येतो, पोरीला घेऊन, दोघांचीही तपासणी कर म्हणतो. पुढं सासरचे काय म्हणतील ते मी तुला आज सांगू शकत नाही. मला माहीत नाही. तुझी भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही.

आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, सुरुवातच आहे म्हणाल्या. स्मिअर मात्र काढा. जोडीदारीण पुढे झाली. मी म्हटलं, हिचं मी काढते.

लती खुर्चीत बसली. तिच्या कानाची पाळी मी चिमटीत धरली, रक्त बाजूला सरेपर्यंत दाबली आणि पात्याचं टोक टेकवलं. तू समोर होतीस, मला माहीत आहे, टेबलाच्या पलीकडे, आणि नको म्हणत होतीस. मी छेद दिला.

"आई व!" लती किंचाळली. खुर्चीतून अर्धी उठली. "दुखस ना! तुले काई दयामाया शे का नही? जरा हळू!"

बाहेरच्या बाकावरचे पेशंट आत डोकावले. मी पातं खाली ठेवलं आणि त्या पोरीचं डोकं छातीशी धरून हुंदके देऊन रडले. ती मला शिव्या देत होती, मावशी, चांगल्या मोठ्यानं, आणि मी म्हणत होते, ओरड बाई, अजून ओरड.